मांसाबरोबर अननस

प्रिय दाजी,

साष्टांग नमस्कार. (खरा घालणार होतो, पण कालपासून कंबर धरली आहे, कागदावरचाच गोड मानून घ्या.) ताईचा गुडघा कसा आहे? तुमच्या दवाखान्यातली ती खुर्ची वर जाताना अजून किंचाळते का? मागे माझी दाढ काढलीत तेव्हा आधी खुर्ची ओरडली की मी, यावर आपलं अजून एकमत नाही. आम्ही इकडे जिवंत आहोत. काल दुपारी एकपर्यंत तशी खात्री नव्हती.

तुम्हाला माहीतच आहे, माझे सासरे चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवून आता घरी बसलेत. तुकडा हातात घेऊन जनावराचं वय सांगणारा माणूस. लग्नाला दीड वर्ष झालं, चार वेळा आमच्याकडे आले आणि चारही वेळा चहा पिऊन "पोट भरलंय" म्हणत उठले. गेल्या वेळी भरलेलं ताट परत आत नेताना बायको म्हणाली, येत्या रविवारी बाबा जेवले नाहीत तर मी पुन्हा बोलावणार नाही, आणि तिकडे जाणारही नाही. बाप-लेक दोघंही हट्टी. बोलली की करतात. मला आपलं वाटायचं, पोरगी शिंप्याला दिल्याचा राग असणार.

बेत ठरला भाजलेल्या मांसाचा, आणि शेजारी सालसा. (म्हणजे फळं कच्चीच बारीक चिरायची, त्यात कांदा, मिरची, लिंबू, मीठ. बायकोनं हॉस्पिटलातल्या एका मैत्रिणीकडे खाल्लं होतं.) मांस सासऱ्यांनीच निवडून, पातळ काप करून शनिवारी पाठवलं. म्हणजे प्रश्नपत्रिका त्यांची आणि तपासणारेही तेच! बायकोची सकाळची पाळी होती. सहाला जाताना फ्रिजवर चिठ्ठी ठेवून गेली: "आंबा, कांदा, मिरची, लिंबू, मीठ. अननस मांसाबरोबर ठेव."

आता दाजी, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा. बरोबर म्हणजे शेजारी, की बरोबर म्हणजे एकत्र? मी दहा मिनिटं फ्रिजचं दार उघडं टाकून विचार केला. शेवटी अख्खा अननस पाव-पाव इंचाचे चौकोन करून (हो, पट्टी लावून, तुम्ही मला इंचपट्टी म्हणता ते उगाच नाही) मांसावर पसरला आणि वर हातानं चोळला. मग आंब्याला बसलो. आंबा असा पिकलेला की त्याचं माप घेणं म्हणजे रांगत्या पोराचं माप घेणं. त्यात मिरची चिरली, त्याच हातानं डोळा चोळला, आणि पुढची सगळी कहाणी मी एकाच डोळ्यानं पाहिलेली आहे हे लक्षात घ्या.

अकराला गच्चीत शेगडी पेटवली आणि पहिला काप उचलला. तो आलाच नाही! म्हणजे अर्धा आला. उरलेला भिजलेल्या कागदासारखा ताटलीतच बसून राहिला. दुसरा जाळीवर ठेवला तर सरळ निखाऱ्यात उतरला. बायकोला फोन लावला, तो तिच्या लॉकरमध्ये वाजत असणार. साडेअकराला ती आली. वाटलं, आता माझी काही खैर नाही. तिनं एक काप बोटानं दाबून पाहिला, "हं" म्हणाली आणि जाळी काढून शेगडीवर तवा ठेवला. दाजी, त्या "हं"ला मी जेवढा घाबरलो तेवढा तुमच्या पकडीलाही नव्हतो घाबरलो.

बाराला सासरे आले, टेबलाशी बसले. चहा मागायच्या आत बायकोनं ताट पुढे केलं. त्यांनी काप उचलला, उलटसुलट पाहिला, माझ्याकडे पाहिलं. माझी दातखीळ बसली. (तुमच्या धंद्यात याला काय म्हणतात?) त्यांनी तो तोंडात टाकला. बायको पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी. सासऱ्यांनी डोळे मिटले. मग दुसरा काप, त्यावर चमचाभर सालसा. मग तिसरा. अर्धी परात एकट्यानं संपवली आणि विचारलं, कुणी केलं? मी कबूल केलं. "जावईबापू, पुढच्या रविवारी पण असंच करा," म्हणाले. बायको तांब्या ठेवून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. मीही थोडा रडलो, पण ते मिरचीवर खपून गेलं.

तर दाजी, हाताला चव असावी लागते, ती माझ्यात आहे. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
इंचपट्टी

ता.क. चवीचं जरा जास्त झालं. हात धुताना सासऱ्यांनी मला बेसिनपाशी ओढलं आणि तोंड उघडून दाखवलं. दाजी, उजवीकडे एकही दाढ नाही, डावीकडे दोन, त्याही हलतात. दीड वर्ष हा माणूस आमच्याकडून उपाशी गेला तो याच्यापायी, आणि काल जेवला तो अननसाच्या रसानं मांस लोण्यासारखं मऊ पडलं म्हणून. जन्मभर मांस विकणाऱ्याला मांस चावत नाही हे पोरीला कळलं तर मान खाली जाईल म्हणाले. मला शपथ घातली.

ता.क. २ तेव्हा खरं काम असं: त्यांना कवळी बसवून द्या, पण कागदावर नाव माझं लावा. रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हाच आणतो, म्हणजे कुणी बघणार नाही. बायकोला यातलं काही माहीत नाही, ताईलाही बोलू नका.

ता.क. ३ पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बायको आली. पत्र वाचलंही नाही, नुसतं म्हणाली, "दाजींकडे रविवार मागू नकोस, रविवारी बाबा इथे जेवायला असतात." मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, "अननस मांसाबरोबर ठेव, असं कुणी लिहिलं होतं?"

तेव्हा शनिवार चालेल.