माझ्या आक्षेपाला माझाच खुलासा

तीर्थस्वरूप भावोजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. तिकडे तुमचं पित्त शांत असेल आणि ताई तुम्हाला बिनसाखरेचा चहा देत असेल (आणि तुम्ही ऑफिसात जाऊन गोड पीत असाल) अशी आशा करतो. माझी लेखापरीक्षकाची जागा तुम्हाला मिळाली, हे ऐकून फार आनंद झाला. टेबलाचा वरचा खण जोरात ओढू नका, तो सरळ पायावर येतो.

तुम्ही जाणताच, सरकारने पैसा कुठे उधळला हे शोधण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. खर्च दिसला की मला आधी संशय येतो, मग भूक लागते. (आमची सौ. म्हणते, मी भाजीवालीकडेही तीन दरपत्रकं मागेन.) गेल्या वर्षी इथल्या सरकारी इस्पितळाचं ऑडिट मीच केलं. व्हरांड्यात पेशंटच्या नातेवाइकांसाठी नव्या खुर्च्या दिसल्या. मी आक्षेप काढला, की इस्पितळ आजाऱ्यांसाठी आहे, नातेवाईक आजारी नाहीत, सबब त्यांनी बसण्याची गरज सिद्ध होत नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. इस्पितळवाल्यांनी असा धसका घेतला, की आक्षेप मिटेपर्यंत खुर्च्या कोठीत टाकून कुलूप ठोकलं. मग त्याच साहेबांनी मला बढती देऊन त्याच इस्पितळात लेखाधिकारी म्हणून पाठवलं. ही शाबासकी की शिक्षा, ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्याच दिवशी व्हरांड्यात एका आजोबांच्या पायाला अडखळलो. भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते बिचारे, आत आजींचं ऑपरेशन चाललेलं. मी विचारलं, इथे खुर्च्या नाहीत का? ते म्हणाले, "होत्या म्हणे. कोण एक शहाणा आला आणि त्याने काढायला लावल्या." मी म्हणालो, अरेरे, काय एकेक माणसं असतात! अगदी मनापासून म्हणालो, भावोजी. जिना चढून वर येईपर्यंत तो शहाणा कोण, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आता त्या आक्षेपाला खुलासा द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. सकाळी मी लेखाधिकारी म्हणून लिहितो, की उभा राहून माणूस दमतो. दुपारी डबा खाऊन आलो, की आतला ऑडिटर जागा होतो. दमतो याला पुरावा काय? कागद फाडतो. एकदा तर मीच माझ्या खुलाशावर इतका खवचट शेरा मारला, की संध्याकाळपर्यंत स्वतःशी अबोला धरला. (घरात शांतता आहे म्हणून सौ. खूष.) आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाकडे करायची? आक्षेप बरोबर आहे का? बरोबरच असणार, मी काढलाय. खुलासा बरोबर आहे का? तोही माझाच. मग चुकतंय कोण? आमचा हेडक्लार्क परवा वैतागून म्हणाला, "साहेब, तुम्ही दोघं आधी आपसात ठरवा, मग मला टाईप करायला द्या."

थट्टा राहू द्या, पण वाईट वाटतं हो. कोठीची किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. पण आक्षेप मिटायच्या आत वस्तू वापरली तर त्यावर दुसरा आक्षेप निघतो, आणि तो मी कसा काढला असता हे मला चांगलं ठाऊक आहे. काल एक बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन कितीतरी वेळ उभी होती. शेवटी माझी स्वतःची खुर्ची तिला नेऊन दिली. तेव्हापासून मी टेबलावर बसून काम करतो आणि शिपाई आत यायच्या आधी बाहेर हसून घेतो. तरी आक्षेप चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला मला लेखी आदेश नाही.

असो. तुम्ही वडीलधारे, तुम्हाला मी काय सांगणार? ताईला नमस्कार.

तुमचा (हुद्दा कुठला लिहावा ते सुचत नाही, म्हणून नुसता)
मेहुणा

ता. क. – हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, कामाचं नाही. तरी सहज हात गेला, तर आता तुमच्याच टेबलावर आलेल्या खुर्च्यांच्या आक्षेपावर 'खुलासा मान्य' एवढे दोन शब्द लिहून टाका. खुलासा सोबत जोडलेला नाही, कारण तो अजून मलाच मान्य झालेला नाही. नात्यात असली कामं सांगू नयेत, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवताना ताईचा फोन आला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी आमच्याच इस्पितळात ठरलंय. तुम्ही घाबराल म्हणून तुम्हाला सांगायचं काम तिने माझ्यावर टाकलं. काळजीचं काही नाही, डॉक्टर चांगले आहेत. फक्त अर्धा दिवस जाईल, आणि तोवर नवऱ्याने व्हरांड्यात थांबायचं असतं. नियम सगळ्यांना सारखा, त्यामुळे कुलूप काही मला काढता येणार नाही. पण फरशी रोज दोनदा पुसतात आणि बसायला अगदी योग्य आहे. तसं माझ्याच आक्षेपात नमूद केलेलं आहे.