आबा मोटारीत

लोणावळे, मंगळवार

भाजे गावात आज माझी लोकल बोर्डाच्या निवडणुकीची सभा झाली, आणि तुकारामआबाच आले नाहीत. त्यांच्या जमिनीच्या दाव्यात त्यांचेच वकील, माझे वरिष्ठ दादासाहेब, विरुद्ध पक्षाला सामील आहेत, हे मी भर कोर्टात बोललो आणि कामावरून काढला गेलो. तेव्हा 'निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहा' म्हणणारे आबाच!

परतताना मळवलीच्या फाटकाशी दादासाहेबांची मोटार थांबलेली. आत, त्यांच्या शेजारी, आबा.

"आबा, तुम्ही?"

"तुमी हरलात तर पुन्याला जाल, वकीलसायेब. ह्ये हितंच ऱ्हानार. मला बी हितंच ऱ्हायचंय."

दादासाहेब नुसते हसले.

आबा, त्या मोटारीत! अजून खरे वाटत नाही. 'मी कुठेही जाणार नाही,' एवढेच म्हणायचे होते. का म्हणालो नाही?