नवीन आहे, सांभाळून घ्या

बाई, आपल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर मुलगी आली आहे आणि ती आल्यापासून मला नीट झोप नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "तुम्हाला झोप न यायला कारण कधीपासून लागायला लागलं?" खरं आहे. कुलूप ओढून बघितलं का, शेकाच्या पिशव्यांचं बटण बंद केलं का, यातच माझा जीव अडकलेला असतो. पण या वेळी कारण होतं, आणि ते मीच तयार केलं होतं. घरात कुणाला सांगितलं तर हसतात, म्हणून दुपारी दवाखाना बंद असताना इथं खिडकीपाशी बसून तुम्हाला लिहितोय.

तुम्ही गेल्यानंतर दवाखाना तुमच्या सूनबाई चालवतात, हे तुम्हाला ठाऊक नसणार. मी त्यांना मॅडम म्हणतो. हात तुमच्यासारखाच आहे, पण एकट्या बाईचे हात किती पुरणार? सकाळी सांगलीतले पेशंट, संध्याकाळी तासगाव, शिराळ्याकडून कामं उरकून येणारी माणसं. आधी दोन मुलं ठेवली होती. दोघंही शिकून हाताशी आली आणि पुण्याला गेली. हीही गेली तर संध्याकाळचा दवाखाना बंद करायचा, असं मॅडमनी मला सरळ सांगितलं. मग म्हणाल्या, "काका, हिला जरा रुळू द्या. तुम्ही जुने आहात, पेशंट तुमचं ऐकतात." त्या एवढंच बोलल्या आणि आपल्या कामाला लागल्या. मी मात्र ते ओझं डोक्यावर घेऊन बसलो.

तुम्ही मला कसं रुळवलंत ते आठवायचा मी प्रयत्न केला. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहून कंबर गेलेला मी हमाल, सातवीतून शाळा सोडलेला. आलो होतो पेशंट म्हणून. कंबर सरळ झाल्यावर तुम्ही विचारलंत, "पोत्यांच्या ऐवजी माणसं उचलाल का?" मला वाटलं थट्टा करताय. पहिल्या सकाळी तुम्ही मला मोरीत कोमट पाण्यानं हात धुवायला लावताय. मी घासतोय, घासतोय, नखांतली हळद निघत नाही आणि मी लाजेनं मेल्यासारखा झालोय. तुम्ही मागून म्हणता, "रंग राहू दे. हात गार नको, एवढंच बघा." माझ्या वहाणा तेव्हा करकरायच्या. आमच्यात त्या आवाजाची ऐट असते, चांभाराला मुद्दाम सांगून तसल्या करून घेतात. मी आलो की पडद्यामागं झोपलेले पेशंट अंग आवळून घ्यायचे. मला ते कळत नव्हतं, तुम्हाला कळलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. एक दिवस माझ्या स्टुलाखाली पांढरे कापडी बूट ठेवलेले दिसले, अगदी माझ्या मापाचे.

बोललात ते एकदाच. खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींना मी धरून चालायच्या दोन दांड्यांमधून चालवत होतो आणि सारखा म्हणत होतो, "आजी, जपून, पडाल. पडाल हं." तुम्ही मला आत स्वयंपाकघरात बोलावलंत. दिवस मावळायच्या आत जेवायचा तुमचा नेम, त्यामुळं रागवायचं असलं तरी ते ताटावरूनच. "पडायची आठवण तिला कशाला देताय? ती काय विसरली आहे? पाऊल कुठं टाकायचं तेवढं सांगा." मी मान खाली घालून उभा. मग तुम्ही पाट सरकवलात, माझ्यापुढं भाकरी आणि मुगाची उसळ ठेवलीत आणि दुसरंच काही बोलायला लागलात. त्या भाकरीमुळं ते बोलणं माझ्या लक्षात राहिलं असं मी इतकी वर्षं समजत होतो. लक्षात राहिलं नव्हतं, बाई. आता ऐका.

मुलगी पाटणकडची. वडील एसटीत कंडक्टर. बांधा लहान, आवाज त्याहून लहान. हात मात्र गरम, ते मी पहिल्याच दिवशी चहाचा कप देताना बघून घेतलं. मी तिला सगळं दाखवलं. कोणतं बटण दोनदा दाबावं लागतं, पावसात कोणत्या खिडकीतून पाणी येतं, कोणता पेशंट उसाच्या दराचं बोलायला लागला की तासभर उठत नाही. ती हसून ऐकायची. आणि मग पेशंट आला की मी दारातच त्याच्या कानाशी लागायचो. "नवीन डॉक्टर आहेत. लहान आहेत, पण चांगल्या आहेत. जरा सांभाळून घ्या." प्रत्येकाला. एकही सोडला नाही. मला वाटत होतं, मी तिच्या वाटेवरचे खडे वेचतोय.

झालं असं की तिच्याकडं कुणी जाईना. जो तो म्हणायचा, मॅडम मोकळ्या होईपर्यंत बसतो. शिराळ्याजवळच्या गावातले एक रिटायर सुभेदार गुडघ्याचं ऑपरेशन करून येत होते, ते तर तिच्यासमोरच मला म्हणाले, "नवीन म्हंजे रंगरूटच न्हवं? काका, रंगरूटाच्या हातात आमी भरलेली बंदूक देत न्हवतो, गुडघा कसा देऊ?" बाकावरचे सगळे हसले. ती पण हसली, आणि आत जाऊन आधीच घड्या घातलेल्या चादरींच्या परत घड्या घालत बसली. मी घाबरलो. आणि घाबरल्यावर माणूस काय करतो? तेच जास्त जोरात करतो. मी आणखी कळकळीनं सांगायला लागलो, सांभाळून घ्या, सांभाळून घ्या.

शेवटी तासगावकडच्या एक बाई कंबर धरून आल्या. मॅडम आत होत्या, म्हणून या मुलीनं स्वतःच पुढं होऊन त्यांना बोलावलं. त्या बाई प्रेमानं तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "काकांनी सांगितलंय मला, नवी हाय, सांभाळून घ्या म्हणून. तुला सांभाळते की गं, लेकीसारखी हायस. पण माझं कंबरडं लय नाजूक हाय, ते सांभाळायला मॅडमच पायजेत."

मी शेकाच्या पिशव्या गरम करतो त्या मागच्या खोलीत ती आली. मला वाटलं आता ओरडेल. ती स्टुलावर बसली. एरवी पेशंटशी पुस्तकातलं बोलते, त्या दिवशी गावाकडचं बोलली. "काका, तुमचा राग न्हाई मला. पण मी काय आजारी हाय व्हय, सगळ्यांनी मला सांभाळायला?" मग तिनं सांगितलं, पुण्याहून फोन आलाय, मोठ्या दवाखान्यात जागा आहे, सोमवारपर्यंत कळवायचंय. ती गेली आणि मी उकळत्या पाण्याकडं बघत उभा राहिलो. पडाल हं, पडाल. आजींच्या मागून म्हणत होतो तेच मी आता दारात उभं राहून म्हणत होतो, फक्त शब्द बदलून.

जेवताना बायकोला सांगितलं. तिला आधी हसू आलं, मग राग आला. "मला लगीन करून आणली तवा तुमी आईस्नी हेच सांगितलं हुतं. नवी हाय, सांभाळून घे. त्यांनी इतकं सांभाळलं, इतकं सांभाळलं, वरीसभर मला चुलीम्होरं बसू दिलं न्हाई. शेजारणी इचारायच्या, सुनंला भाकरी येत न्हाई का म्हणून." मी म्हटलं, "मला कधी सांगितलं नाहीस." ती म्हणाली, "तुमाला सांगून काय, तुमी आनखी दोन घरं सांगत सुटला असता."

मग मला एक युक्ती सुचली. माझा उजवा खांदा दिवाळीपासून धरला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडमना कळलं तर म्हणतील आता घरी बसा, ही भीती. केस डाव्या हातानं विंचरायचो, सदरा घालायला बायको लागायची. म्हटलं, सगळ्यांसमोर तिला खांदा दाखवावा. काका स्वतः जातात म्हटल्यावर लोक जातील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकावर माणसं बसलेली बघून मी मोठ्यानं म्हटलं, "डॉक्टर, जरा माझा खांदा बघता का?" तिनं माझ्याकडं बघितलं, पडदा ओढला आणि हळू आवाजात विचारलं, "शिफारस करायला आलाय की दुखतंय?" मी म्हटलं, "दोन्ही." ती म्हणाली, "मग दुखतंय तेवढंच बघू."

बाई, इतकी वर्षं मी लोकांना त्या पलंगावर झोपवलं, पण माझी कंबर बरी झाल्यापासून त्यावर मी आडवा झालो नव्हतो. वरचं छत किती परकं दिसतं खालून. तिनं कोपर अंगाशी धरून माझा हात बाहेर फिरवला आणि माझ्या तोंडून आई गं निघालं. "ओरडा," ती म्हणाली, "पण श्वास धरू नका." पडद्यापलीकडून सुभेदारांचा आवाज आला, "काय काका, आज तुमची परेड व्हय?" तिचं लक्ष माझ्या खांद्यावरून हललं नाही. कधीपासून, रात्री कोणत्या कुशीवर, काय उचलता, एकेक विचारत गेली. मी खरं खरं सांगितलं. मग पडदा सारून बाकाकडं बघत म्हणाली, "आजपासून काका कुणालाही उचलणार नाहीत." अशा आवाजात की तो आवाज इतके दिवस तिनं कुठं ठेवला होता कळेना.

मॅडम त्या वेळी मिरजेला एका पेशंटला घरी बघायला गेल्या होत्या. सुभेदारांना खुर्चीतून उठून दांड्यांकडं जायचं होतं. त्यांनी सवयीनं माझ्याकडं हात केला.

"काकांना बंदी आहे," ती म्हणाली.

"कुणाची?"

"माझी."

"मग तुमी उचलणार का मला? माझं वजन बघितलंय का?"

"मीही नाही उचलणार. तुम्ही उठणार. पुढं सरका. अजून. पाय मागं घ्या, खुर्चीजवळ. आता पाया पडायला वाकता तसं नाक पुढं आणा, पायाच्या बोटांवर. आणि उठा."

माझ्या जिभेवर "जपून" आलं होतं. मी दात आवळून धरले. सुभेदार वाकले, एक क्षण तसेच थांबले, ती बाजूला हात तयार ठेवून उभी होती पण लावला नव्हता. आणि ते उठले. उभे राहून त्यांनी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. "मला कुणी उचललंच न्हाई की रं," ते मला म्हणाले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. "ऑपरेशन झाल्यापासनं पोरगा काखंत हात घालून उठवतुया मला. रोज भांडान."

"आता भांडायला दुसरं काहीतरी शोधा," ती म्हणाली.

तेवढ्यानं सगळं पालटलं असं नाही. तासगावच्या बाई अजून मॅडमकडंच जातात. पण सुभेदारांचा आवाज मोठा आहे आणि बाकावर ते तासभर बसतात. त्यांनी कुणाला सांभाळून घ्या म्हटलं नाही. नाक कुठं न्यायचं तेवढं दाखवत बसले. दोघं-चौघं आपणहून तिच्या पडद्याकडं वळले.

सोमवारी मी उगीच लवकर आलो. झाडलेलंच झाडलं. ती आली, पिशवी अडकवली आणि म्हणाली, "काका, कोपऱ्यातला पलंग डुगडुगतो. सुताराला बोलवा, मला त्यावर रोज काम करायचंय." मी विचारलं, "आणि पुणं?" ती म्हणाली, "नाही म्हणून कळवलं. सध्या तरी." मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून भिंतीला पाठ टेकवली, तुम्ही टेकवायचात तशी. मला मात्र ते 'सध्या तरी' चिकटून बसलं आहे. सध्या म्हणजे किती, हे विचारायचं धाडस होत नाही.

आता मदतीला एक बाई ठेवल्या आहेत, मला उचलायची बंदी आहे ना. त्यांना शिकवायचं मॅडमनी या मुलीवरच सोपवलं. तिनं पहिल्या दिवशी त्यांना पलंगावर झोपवलं आणि स्वतः त्यांना कुशीवर वळवलं, म्हणाली, "आधी तुम्हाला कसं वाटतं ते बघा." त्या बाई लाजून पदर सावरत होत्या. मी लांबून बघत होतो. पेशंट आला की दारात मी एवढंच म्हणतो, "आज तुमच्याकडं या डॉक्टर बघतील." जास्त बोलायची फार इच्छा होते. होते, आणि जाते.

सुभेदार परवा काठी न घेता आले. संध्याकाळी बाक भरलेला असतो. तुम्ही हव्या होतात असं वाटतं, पण तुम्ही नसतानाही दिवे लागतात याचं बरंही वाटतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला कळतं. चारची वेळ होत आली, कागद खिशात घालून दार उघडतो.

एक सांगायचं आहे. दर शनिवारी ती माझा खांदा बघते आणि विचारते, "अजून दुखतंय?" मी म्हणतो, "थोडं." दुखत नाही, बाई. काल माळ्यावरचं मोठं पातेलं मी त्याच हातानं काढलं. पण तिच्या शनिवारच्या पेशंटांत माझा नंबर लागलेला असला की पुढच्या शनिवारी ती इथं असणार, असं मला उगीच वाटतं. बाकावर माणसं थांबलेली असतात आणि मी त्यांचा वेळ खातोय. या शनिवारी सांगेन म्हणतो.