येताना नेते

सोमवार, ३
पोचले एकदाची! विमानानंतर सहा तास जीप, आणि दवाखान्याच्या आवारात माझी वाट बघत उभी मोटरसायकल. खोलीत खाट, टेबल, खिडकीला निळी जाळी. ताई फोनवर म्हणाली, बावन्नाव्या वर्षी परदेशात जाऊन फुकट धूळ खायची हौस तुलाच. काम सोपं आहे, औषधांची पेटी चार गावांना पोचवायची. स्वयंपाकीणबाईंनी इथल्या भाषेतली तीन वाक्यं घोटून घेतली: नमस्कार, पाणी द्या, येताना नेते. वाटेत कुणी गाडीवर बसवा म्हणालं, तर हे तिसरं.

मंगळवार, ११
रस्ता कसला, नुसते खड्डे, हाडं खिळखिळी झाली. पण गाडी आता मस्त जमते, स्वारी स्वतःवर खूश आहे. वळणावरच्या झाडाखाली एका बाईनं हात केला. दुसऱ्या हातानं पोट धरलेलं. मागे पेटी होती. “येताना नेते,” म्हटलं. ती हसली आणि तिथंच बसली.
येताना पेटी मागून सोडून पुढे टाकीवर घेता आली असती, तिला मागे बसवता आलं असतं. पण माझी कंबर धरली होती, म्हणून झाडाकडून न येता नदीकडच्या सपाट रस्त्यानं परत आले.

गुरुवार, १३
डॉक्टरांनी सांगितलं, वळणावरची ती बाई काल झाडाखालीच वारली. दुधाची गाडी तिच्यासाठी थांबली होती, पण ती चढली नाही. दवाखान्याच्या बाई येताना नेणार आहेत, म्हणाली. मी मान खाली घालून चहा ढवळत राहिले. दवाखान्याच्या बाई म्हणजे मीच, हे सांगितलं नाही. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

रविवार, १६
मेकॅनिकनं मागची स्प्रिंग दाबून दाखवली आणि दोन बोटं वर केली. दोघी बसता का? मी एकटीच, अशी खूण केली. त्यानं मागच्या पायदानांकडे बोट दाखवलं. दोन्ही उघडी होती. त्यांवर माती, अनवाणी पायांची.

मंगळवार, १८
पायदानं तारेनं बांधली. तरी झाडापाशी गाडी जड होते. कमरेला दोन हात. घट्ट नाहीत. विश्वासानं धरावं तसे—

बुधवार, १९
सगळं सांगायला डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. परत फिरले. कोणत्या तोंडानं—

गुरुवार, २०
भर दुपार. झाडाखाली गाडी बंद पडली. उतरले, तर पोटात कळ. खाली बसले. गाडी सुरू झाली— वर माझंच जॅकेट, माझंच हेल्मेट, मागे पेटी. मी हात केला. माझ्याच आवाजात, माझ्याच मोडक्या उच्चारात ती म्हणाली, “येताना नेते.”
वही खिशात होती. लिहितेय.
दुधाची गाडी थांबलीय. ड्रायव्हर चढा म्हणतोय. पण तिनं— मीच सांगितलंय ना, येताना