कच्च्या टाक्यावरचं घर

३ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंस,

पत्र बघून हसशील. नवऱ्याने बायकोला पत्र लिहायचं आपलं वय राहिलं नाही, पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि मला नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ येते. त्यापेक्षा हे बरं. तुझ्या ताईंना नमस्कार सांग. धाकट्या बहिणीची उस्तवार करताना स्वतःच्या गोळ्या विसरू नका म्हणावं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई फार पिळून काढतात असं तू म्हणालीस. काढू देत, पण त्यांच्याशी भांडू नकोस.

इकडे सगळं ठीक. सकाळी दुकान उघडतो, दुपारी बंद करतो. शर्ट शिवून होतात, पण काजं करायला तू नाहीस, त्यामुळे सगळे बिनबटणाचे हँगरवर लटकलेत. एक काज मी हाताने करून बघितलं. गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, उंदराने कुरतडलं का? आता तो शर्ट मीच वापरतोय.

दुपारी वेळ जात नाही म्हणून घराची थोडी डागडुजी काढली आहे. विशेष काही नाही. ड्रिल मशीन आणलं. हो, मीच. ज्याने उभ्या संसारात एकच खिळा ठोकला आणि त्यावरचं कॅलेंडर संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही, तोच मी. हार्डवेअरवाल्याने दोन युक्त्या शिकवल्या. भोक किती खोल पाडायचं तेवढ्या अंतरावर ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळायची. पट्टी भिंतीला टेकली की थांबायचं. आणि भोकाच्या खाली एक जुनं पाकीट उघडं चिकटवून ठेवायचं, सगळा भुगा त्यात पडतो. तुला आवडेल असं काम, फरशीवर कण सांडत नाही. एक युक्ती मी त्याला शिकवली. भिंतीवर खुणा करायला आपल्या शिवणकामाच्या खडूसारखं दुसरं काही नाही. रेघ बारीक येते आणि फडक्याने पुसली जाते.

न्हाणीघरात दोन दांड्या बसवल्या, टॉवेल वाळत घालायला. पक्क्या बसल्यात. मी स्वतः लोंबकळून पाहिलं.

आणि दुकानातून घरात येतानाचा तो उंबरा होता ना, तो काढून टाकला. छिन्नी-हातोड्याने फोडला, तिथे सिमेंट भरून हलका उतार दिला, पक्कं होईपर्यंत रोज पाणी मारलं. मला सारखी ठेच लागायची त्याची.

जेवत जा. पाठीखाली उशी घेत जा.

तुझा,
मास्तर


१४ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुझं पत्र मिळालं. अक्षर सरळ आहे म्हणजे बसून लिहिलंस, बरं वाटलं.

तू विचारतेस, टॉवेलच्या दांडीला माणूस कशाला लोंबकळतो. अगं, नवीन वस्तू पारखून घ्यायला नको? आणि 'इतक्या वर्षांत उंबऱ्याची ठेच तुम्हाला एकदाही लागलेली मी पाहिली नाही' असं लिहिलंयस. तुझ्यासमोर लागत नसेल. तुझ्यासमोर मी जपून चालतो.

तर या आठवड्याची मजा सांगतो. आपलं दुकान आणि घर यांच्यामध्ये जी प्लायवूडची भिंत आहे, तिचं दार रुंद करायला घेतलं. कपड्यांची ट्रॉली आत-बाहेर न्यायला बरी पडेल म्हणून. खडूने झक्क रेघ मारली, करवत घेतली आणि हात सवयीने चालला. रेघ सोडून दोन बोटं आतून कापलं, शिलाईला जास्तीचं सोडतात तसं! सगळं कापून झाल्यावर ट्रॉली घातली तर मध्येच अडकली. हार्डवेअरवाला बघायला आला होता, तो म्हणाला, मास्तर, प्लायवूडला शिलाई कोण मारणार? पुन्हा सगळं कापावं लागलं. कडा पॉलिश पेपरने घासून घेतल्यात, हात फिरवला तर कुसळ टोचणार नाही.

विजेची बटणं खाली घेतली. त्याला मात्र मी हात लावला नाही, वायरमन बोलावला. विजेशी आपली ओळख नाही, तिथे शहाणपणा नको. आता बटणं माझ्या कमरेशी येतात. वायरमनने विचारलं, एवढी खाली कशाला? मी म्हटलं, आवड एकेकाची.

ओट्याला लागून एक ठेंगणा लाकडी ओटा करतोय. खालून मोकळा, बसून भाजी चिरता येईल असा. माझे गुडघे हल्ली कुरकुरतात ना.

तू लिहितेस की मी काहीतरी लपवतोय. छे, मी काय लपवणार? माझ्या पोटात काही राहत नाही हे तूच चारचौघांत सांगतेस. गिऱ्हाईक आलंय, थांबतो.

मास्तर


२० फेब्रुवारी

ऐक. आज थट्टा करत नाही.

मागचं पत्र टाकलं आणि ताईंचा फोन आला. म्हणाल्या, ती रोज व्यायामाच्या दोन दांड्यांमध्ये उभं राहायला बघते, कोसळते, पुन्हा उठवायला लावते. हाताला फोड आलेत. बाई नको म्हणतात तरी ऐकत नाही. सारखं एकच, उंबरा ओलांडायचाय. भावोजी, तिला कोणीतरी सांगा.

ते कोणीतरी म्हणजे मी. तुला हॉस्पिटलमधून सोडलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं होतं. म्हणाले, माळ्यावरून पडल्यावर कण्याला जो मार बसला आहे तो भरून येणारा नाही. कमरेखालची ताकद परत येणार नाही. हे त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू? मी म्हटलं, मी सांगतो. आत आलो तर तू ताईंना सांगत होतीस, 'मी स्वतःच्या पायांनी घराचा उंबरा ओलांडीन, तेव्हाच घरी जाईन. तोवर तुझ्याकडेच.' मी तुझ्या औषधांची पिशवी भरायला घेतली. तुला ताईंकडे पोचवलं आणि परत येताना हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. तोंडाने होईना, ते हाताने करायला घेतलं.

तू चालणार नाहीस गं. लिहिलं बघ.

दांड्या टॉवेलच्या नाहीत. बटणं माझ्या आवडीची नाहीत. आणि ती ट्रॉली नव्हती, चाकांची खुर्ची होती. हार्डवेअरवाल्याच्या आईची, माळ्यावर पडून होती, मागून आणली. दुपारभर तिच्यात बसून मी आपल्या घरात फिरलो. आरशात मला माझं कपाळसुद्धा दिसेना, आरसा खाली आणला. डब्यांना हात पुरेना, फळी खाली आणली. जिथे अडलो तिथे खडूची खूण केली, आणि उठून ते काम केलं. मला उठता येत होतं. दर वेळी उठताना तुझी आठवण येत होती.

तुझ्या मशीनला मोटार लावली आहे. पायाने दाबायचं ते पायदान टेबलावर घेतलंय, कोपराने दाबलं की मशीन पळतं. मला अजून जमत नाही, सुई एकदम धावत सुटते. तुला जमेल. काजांना तर पाय लागतच नाहीत.

मी तुझा शब्द मोडायला उंबरा काढला नाही. तो तिथे राहिला असता तर तू आयुष्यभर ताईंच्या घरात बसून राहिली असतीस, हट्टी आहेस तू. आणि मला तू इथे हवी आहेस. पायांसकट, पायांशिवाय, चिडलेली, रडलेली, कशीही. तू नाहीस तर या घरात मी एक शर्ट पुरा करू शकत नाही.

एकच अडलंय. ठेंगण्या ओट्याची उंची. त्याच्या पायांना ओळीने भोकं पाडलीत, नटबोल्ट घातलेत, पण आवळले नाहीत. खुर्चीत मी बसलो तर माझं माप येतं, तुझं येत नाही. एवढी वर्षं आपण कुणाचाही कपडा अंगावर घालून बघितल्याशिवाय पक्का शिवला नाही. हे घरसुद्धा कच्च्या टाक्यावर ठेवलंय. ट्रायलला ये. काय वर, काय खाली, काय सैल, ते सांग. मग आवळतो.

नाही आलीस तरी बोल्ट तसेच राहतील.

वाट बघणारा,
तुझा मी


२६ फेब्रुवारी

अहो,

पत्र वाचलं. आधी रडले, मग तुमच्यावर चिडले, मग जेवले. ताई म्हणाली, बऱ्याच दिवसांनी पुन्हा वाढून घेतलंस.

टॉवेलच्या दांडीला लोंबकळलात तेव्हाच मला शंका आली होती. खोटं बोलताना तुम्ही नेहमी एक गोष्ट जास्तीची सांगता. पण उंबरा फोडलात त्याचा फार राग आला. मला न विचारता. म्हणून तर दांड्यांमध्ये जास्तच हट्टाने उभी राहत होते, उंबरा नसला तरी त्या जागेवरून चालत जाऊन तुम्हाला दाखवायचं होतं. आता ते होणार नाही. हे स्वतःशी म्हणायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी बाईंना म्हटलं, खुर्ची वळवायला शिकवा.

सोबत कापडी फीत आहे. तिला तीन गाठी मारल्यात. एक टोक जमिनीला धरलं की पहिली गाठ खुर्चीत बसलेल्या माझ्या गुडघ्यापर्यंत, दुसरी कोपरापर्यंत, तिसरी हात वर केला की बोटं पुरतात तिथपर्यंत. ओटा पहिल्या गाठीच्या वर आणि दुसरीच्या खाली हवा. मापं ताईने घेतली आहेत, म्हणजे चुकली असणार. तुम्ही पुन्हा घ्या. माझं माप दुसऱ्या कोणी घेतलेलं मला आवडत नाही.

आणि शहाण्या माणसा, आत एवढं सगळं केलंत, दुकानाच्या बाहेरच्या पायऱ्यांचं काय? तुमच्या एकाही पत्रात त्या नाहीत. खुर्चीत बसून घरातल्या घरात फिरलात, बाहेर कशाला पडाल! जाड फळी टाका, आणि लांब घ्या. आखूड घेतलीत तर चढ उभा होईल आणि मी मागच्या मागे रस्त्यावर जाईन. रेघेच्या आतून कापू नका.

लटकलेल्या शर्टांना हात लावू नका. तो उंदराने खाल्लेला धुऊन ठेवा, मी उसवून नीट करते.

रविवारी ताई गाडीने सोडेल. फळीवरून वर चढेपर्यंत मागून हात लावा, मी नाही म्हणणार नाही. दुकानात आले की मात्र सोडा आणि बाजूला व्हा. तिथून पुढे कोणी ढकलायचं नाही. स्वतःच्या पायांनी येईन म्हटलं होतं. स्वतःच्या हातांनी येते.

तुमची,
मास्तरीण