किलोला दहा मीटर

बपेरा

चि. हर्षाला बाबाचे अनेक आशीर्वाद, जावईबापूंना सप्रेम जयभीम. जवाहरनगरच्या क्वार्टरात वेळेवर जेवतेस ना? (सातव्या महिन्यात बसची वाट पाहत उभी राहू नकोस, हे आईचं सांगणं.) इकडे सगळे खुशाल, फक्त मी अजून ओला आहे. फोनवर तू ‘बाबा, पुरे’ म्हणतेस, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं बाळंतपण माहेरी नको, असं तू म्हणालीस. खाली धानाची पोती, वरच्या खोलीत पाणी नाही आणि आई दुखऱ्या गुडघ्यांनी बादल्या वाहील, म्हणून. ते माझ्या मनाला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी गोठ्याजवळच्या ओट्यावर टाकी बसवली, वर नळ नेला. नळातून नुसती हवा आली. जावईबापूंनी दिलेलं दाबाचं गेज खाली लावून पाहिलं, तर काटा पाव किलोवर. मग मी आपल्या अकलेने तेवढ्याच उंचीची, पण दुप्पट रुंद टाकी आणली. (तलाव मोठा तर बांधावर जोर मोठा, हे आपलं पिढीजात शास्त्र.) टाकी काठोकाठ भरली, काटा पाव किलोवरच. गेजला दोन टिचक्याही मारून पाहिल्या.

शेवटी जावईबापूंना फोन केला. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा (मागे तू हसत होतीस, ते ऐकू आलं). म्हणाले, पाण्याचा दाब जितके किलो, त्याला दहाने गुणा, की उंची मीटरमध्ये मिळते. पाव किलो म्हणजे अडीच मीटर, आणि आपला नळ चारावर. पाणी टाकीचा घेर पाहत नाही, उंची पाहतं. मग जुनी टाकी गच्चीवर चढवली. विहिरीतल्या पाण्यापासून गच्चीपर्यंत दोर सोडून उंची मोजली, पाइपाच्या वळणांसाठी थोडी जास्त धरली आणि तेवढ्या हेडचा, म्हणजे तेवढं उंच पाणी चढवणारा, पंप आणला. पहिल्याच दिवशी पाइप निसटला. मी, आपला गडी मंगरू आणि म्हैस, तिघांची आंघोळ झाली. रुंद टाकीत आता म्हैस पाणी पिते.

वरचा नळ बाळाच्या आंघोळीपुरता छान चालतो. तू ये, बाई. या घरात तुझं लेकरू रडलेलं मला ऐकायचं आहे.

तुझा बाबा,
तेजराम

ता.क. – पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “पोरीले वर कायले ठेवता? खाली माह्याजवळ झोपन ते.” धानाची पोती तिने कालच मंगरूकडून वरच्या खोलीत टाकून घेतली.

पुन्हा ता.क. – धान भिजू नये म्हणून वरचा नळ मी घट्ट बंद केला आहे. आलीस की हळूहळू एकदा वर चल, उघडून दाखवतो. मग खाली आईजवळ झोप.