धोंडे धुणारं यंत्र

आबा,

आज आपलं धोंडे धुणारं जुनं यंत्र उतरवलं. त्या जागी नवं येतंय. क्रेनने ते लांबलचक लोखंडी कुंड उचललं तेव्हा सगळे मोबाईल धरून उभे, आणि मी, या प्लांटची मॅनेजरबाई, तोंडाचा आ करून. दोन आडवे दांडे, त्यांवर वळणावळणाने बसवलेली पाती, टोकं झिजून गुळगुळीत. एवढ्याशा पात्यांनी अर्धा डोंगर धुतला! मंडणगडच्या सड्यावरचं, त्या कातळपठारावरचं बॉक्साइट म्हणजे लाल चिकणमातीने लडबडलेला धोंडा, हात लावला तर बोटं सोडत नाही. तो खालच्या टोकाला पडतो, पाती त्याला घुसळत चढावर नेतात, पाणी वरून उतरतं, आणि वरच्या तोंडातून तोच धोंडा न्हाऊनमाखून बाहेर येतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते बघत मी जेवायचंही विसरले होते.

तुम्ही मात्र तेव्हा यंत्राकडे बघतही नव्हतात. कुंडाच्या काठावर तळवा टेकवून, डोळे मिटून उभे. "मधलं येक पातं हाललंय," म्हणालात. बंद करून पाहिलं, तर खरंच एक बोल्ट ढिला. मी रत्नागिरीहून डिप्लोमा घेऊन आलेली, कागदोपत्री तुमची साहेब; तुम्ही सातवी शिकलेले फोरमन. माझ्या एकाही पुस्तकात असा हात नव्हता. खरं सांगते, मला तुमची भीतीच वाटली.

मग तो दिवस. तुम्ही जेवायला गेलेले, बाहेर ट्रक खोळंबलेले. मी शहाणी, पाणी दुप्पट तर काम दुप्पट. थोड्या वेळाने तुम्ही परत आलात, धुतलेल्या ढिगातून लाडवाएवढा एक मातीचा गोळा उचललात आणि फोडलात. वरून ओला, चकचकीत. आत खाणीतून आला तसा कोरडा. सगळा ढीग तसाच.

"अगो, पान्यान चिकण न्हाय निघत. धोंडा धोंड्याला घासतो तवा निघते. पानी निस्तं तिला न्हेतं. कोनी सोडलान येवढं पानी?"

"पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप ढिला झाला असेल," मी म्हणाले. नोकरीला तीन महिने झाले होते, आबा.

सकाळी तो तुम्हीच घट्ट केला होता. क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहिलंत. तेव्हाचे मॅनेजरसाहेब सगळ्यांदेखत तुम्हाला वाट्टेल ते बोलले, आणि तुम्ही म्हणालात, "माजी चूक, सायेब." मग अख्खा ढीग पुन्हा यंत्रात घातलात. संध्याकाळी व्हॉल्व्ह खोलून, पुसून, उजेडात धरून खोट शोधत बसलात. मी शेजारी बॅटरी धरून उभी.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत रोज कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी तुम्ही तो तपासायचात. नव्या माणसाला सांगायचात, "ह्याच्यावर इस्वास ठेवू नको, ह्यो येकदा आपसूक उघडलाय." मी ऐकत असायचे. आज तो व्हॉल्व्ह भंगारात टाकायला काढला, तर चाकावरचा रंग तुमच्या मुठीएवढ्या जागेवर पार उडालेला. तुमचा हात कधीच चुकला नाही. एकदाच तुम्ही हातापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात.

तुम्ही होता तोवर तुमचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. आता हा कागद कुठेच जायचा नाही, म्हणून लिहिण्याचं धाडस होतंय.

व्हॉल्व्ह चांगला होता, आबा. मी उघडला होता.